चांदीला हात लावला नाही

लोहारा, ४ फेब्रुवारी २०२५

अक्का,

नमस्कारापुरतं शरणू. पुढचा मायना मला येत नाही, आणि येत असता तरी आज लिहिला नसता.

तू मला ब्लॉक केलंस. सख्ख्या भावाला. लोन पाहिजे का म्हणून रोज फोन करणाऱ्या पोरींना पण मी ब्लॉक करत नाही, त्यांचं पण पोट आहे. म्हणून हा कागद. पोस्टातल्या माणसानं पाकीट देताना विचारलं, "कोर्टाचंय का?" म्हटलं, बहिणीला आहे. तर म्हणतो, "मग भांडाण झालंय म्हणा की." लोकांना लगेच कळतं बघ. तुलाच कळलं नाही की भांडण मी ओरडलो म्हणून नाही झालं, तू जे विचारलंस त्यानं झालं.

पहिल्यापासून लिहितो. फोनवर तू मला पुरतं बोलूच दिलं नाहीस.

गुऱ्हाळावर त्या दिवशीची शेवटची काहील होती, ती भलीमोठी कढई रसानं भरलेली. मी घरीच होतो, म्हणजे हुबळीच्या ट्रकवरचं काम सोडून आलो होतो. का सोडलं ते वेगळं सांगेन, त्या ड्रायव्हरला कुत्रं पाळायचं होतं केबिनमध्ये आणि ते माझ्याच अंथरुणावर झोपायचं. असो. पाक झाला, काहील चुलवाणावरनं ओढून वाफ्यात ओतायची होती. एका बाजूला दादा आणि एक गडी, दुसरीकडं मी. वहिनी वाफ्याजवळ फावडं घेऊन उभ्या, गूळ हलवायला. दांडा घसरला. काहील तिरकी झाली आणि उकळता पाक वहिनींच्या डाव्या हातावर, कोपरापासून बोटांपर्यंत.

अक्का, पाणी सांडलं तर वाहून जातं. पाक जागेवर बसतो आणि बसल्या बसल्या भाजत राहतो. कुणी म्हणालं मीठ लावा, कुणी म्हणालं दाताची पेस्ट. वहिनींनी कुणाचं ऐकलं नाही. आपल्या पायानं चालत हौदाकडं गेल्या आणि हात बुडवून उभ्या राहिल्या. दादा नुसता "सोनाली, सोनाली" करत होता. त्यानं बायकोला नावानं हाक मारलेली आप्पांनी पण त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

धाराशिवला दवाखान्यात नेलं. भाजलेली बाई आली की पोलीस येतातच, तो कायदा आहे, मला मान्य. हवालदारानं दादाला बाहेर काढलं आणि वहिनींना विचारलं, "कुणी वतलं?" वहिनी म्हणाल्या, गुळाचा पाक, काहील कलंडली. त्यानं परत विचारलं. वहिनींनी परत तेच सांगितलं. तो गेला तर शेजारच्या खाटेवरची म्हातारी वाकून म्हणते, "पोरी, आता कशाला झाकतीस? नवरा न्हाय हितं, बोल." दादा व्हरांड्यात हातात शहाळं घेऊन उभा होता आणि येणारी-जाणारी बाई त्याच्याकडं अशी बघायची की जसा रॉकेलचा डबाच धरलाय.

आणि मग मी तुला फोन केला. तुझा पहिला प्रश्न काय? हात कसा आहे, नाही. वहिनी शुद्धीवर आहेत का, नाही. "युवराज, खरं सांग. दादानं काही केलं नाही ना?"

तू पण!

उमरग्याच्या स्थळाला तू नाही म्हणालीस तेव्हा दादानं तुझ्या अंगावर तांब्या फेकला होता, ते मी विसरलेलो नाही. आप्पा म्हणाले, पुण्याला जायचं तर परत येऊ नको, आणि तू खरंच आली नाहीस. दादाच्या लग्नात तेवढी दुपारची येऊन गेलीस, पाव्हण्यासारखी. ते तुमचं तुम्ही बघा. पण वहिनींचा हात जळाला, आणि तुला आठवला तांब्या.

दुसरं. चौकात तुझा फ्लेक्स लागलाय, तहसीलच्या समोर. 'लोहारा तालुक्याची कन्या शिवप्रिया हिने भाजलेल्या ग्रामीण भगिनींसाठी नॅनो पट्टी शोधल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' तुझा फोटो कोपऱ्यात पासपोर्टएवढा, आणि अभिनंदन करणारे नऊ जण गॉगल घालून. जीपवाले गुंडाप्पाकाका मला म्हणतात, "तुझी अक्का त्या नॅनो गाडीला पट्ट्या मारती व्हय रं?" मी समजावून सांगितलं, की नॅनो म्हणजे लई बारीक. त्या पट्टीचा दोरा डोळ्याला दिसत नाही, ती जखमेला चिकटत नाही, आणि तिच्यात जंतू मरतात. काका म्हणाले, "मग बरं हाय की. तुमच्या घरात भाजलेलं माणूस हाय, लावली आसंल." मी काय सांगू? माझी बहीण म्हणते अजून उंदरांवरच चाललंय?

इथं साध्या कापडाची पट्टी लावतात. दुसऱ्या दिवशी ती काढताना नवी आलेली कातडी घेऊन निघते. सिस्टर सलाईन टाकून भिजवतात, हळू हळू काढतात, त्यांचा काही दोष नाही. पण वहिनी ओरडतात तेव्हा दादा जिना उतरून थेट रस्त्यापर्यंत जातो. आता डिस्चार्ज मिळालाय आणि एक दिवसाआड लोहाऱ्याला पट्टी बदलायला आणतो. आत्ता पण त्या आत आहेत आणि मी बाहेर बाकड्यावर हे लिहितोय.

ग्रामीण भगिनी म्हणे. तुझ्या घरातच एक भगिनी आहे. रविवारी येतोय. दार उघड.

युवराज


माकणी, १३ फेब्रुवारी

अक्का,

पाकिटं मीच नेली. लॅबमधल्या पोरांवर आळ घेऊ नकोस.

तू दार उघडलंस, जेवायला घातलंस, शेंगाची चटणी अगदी आईसारखी केली होतीस, ते सगळं धरून लिहितो. लॅब दाखवलीस ते पण. रविवार म्हणून कुणी नव्हतं आणि तू मशीन चालू केलंस. मी हैदराबादला बेकरीत होतो तेव्हा शेजारी म्हातारीचे केस विकणारा बसायचा, साखरेचे. तुझं मशीन त्याचंच पाव्हणं. सुईच्या टोकाशी थेंब, त्याला करंटचा झटका, आणि थेंबातनं दोरा सुटतो. दिसत मात्र नाही. समोरचा ढोल फिरत राहतो आणि त्याच्यावर थोड्या वेळानं पांढरी साय धरते. मला खरंच वाटलं, की माझ्या बहिणीनं केलंय हे. छाती भरून आली. आणि लगेच राग आला, कारण ती साय तू सोलून पाकिटात घातलीस, आणि पाकीट गेलं उंदरांच्या वाट्याला.

"माणसांवर वापरायला परवानगी लागते. समितीकडं अर्ज गेलाय," तू म्हणालीस.

"उंदरांनी अर्ज केला होता?"

"त्यांच्यासाठी पण समिती असते."

म्हणजे उंदरांना समिती आहे आणि वहिनींना नाही! वर मला विचारतेस, "तू वहिनीला विचारून आलायस का?" त्यात विचारायचं काय? दुखतंय त्यांना. तहानलेल्याला पाणी पाहिजे का म्हणून कुणी विचारतं का?

मग तुझा फोन आला आणि तू बाहेर गेलीस. टेबलावर दोन ढीग होते. तूच सांगितलं होतंस, की तिथली निम्मी पोरं तमिळ आणि बंगाली, त्यांनी तुझा माल उचलू नये म्हणून तू पाकिटांवर मराठीत लिहितेस. एका ढिगावर तुझ्या अक्षरात 'चांदी'. दुसऱ्यावर 'कोरी'.

आता ऐक. मी शाळा नववीतनं सोडली, दहा गावचं पाणी प्यायलो, पण चोर नाही. उद्या कुणी म्हणायला नको, की माकणीच्या वीरप्पाच्या पोरानं बहिणीच्या लॅबमधनं चांदी पळवली. चांदीला हात लावला नाही. कोरी घेतली. चार पाकिटं. करकरीत, कुणी न वापरलेली.

येताना तामलवाडीजवळ एसटी पंक्चर झाली. ड्रायव्हर-कंडक्टरचं जॅकवरनं जे भांडण झालं ते लिहिण्यासारखं आहे, पण आज नको. बॅग मांडीवरनं खाली ठेवली नाही एवढं सांगतो.

घरी आल्यावर वहिनींनी विचारलं, "भावजी, ह्ये काय आणलं?"

मी म्हटलं, "अक्कानं पाठवलंय. खास तुमच्यासाठी."

खोटं बोललो. दुसरं काही सांगितलं असतं तर त्यांनी हात पुढं केला नसता. पण त्यांचं तोंड बघायला पाहिजे होतंस. "अक्कांनी? माझ्यासाठी?" असं दोनदा म्हणाल्या, आणि मग आप्पांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तिसऱ्यांदा.

मी साबणानं हात धुऊन, हळद घालून उकळलेल्या पाण्यानं जखम पुसली आणि तुझी साय अंथरली. वरनं फडकं. लोहाऱ्याला जाणं बंद केलं. काल पट्टी बदलली. अक्का, ती आपोआप सुटून आली! वहिनी डोळे गच्च मिटून बसल्या होत्या. म्हणाल्या, "काढा की आता." मी म्हटलं, काढली. त्या हसल्या. दादा दारात उभा होता, तो परसात जाऊन तोंड धुऊन आला.

तर हे असं आहे. तुझी समिती बसू दे, चहा-बिस्किटं होऊ दे. आमचं झालं.

युवराज


धाराशिव, २१ फेब्रुवारी

अक्का,

कोरी म्हणजे रिकामी!

कुठल्या मराठीत? वर्गात बाई म्हणायच्या कोरा कागद, मान्य. पण आपल्या घरात? दिवाळीला आई कोरी साडी नेसायची ती रिकामी होती का? नव्या भांड्याला आपण कोरं म्हणतो, मडक्याला म्हणतो, दादाचा ट्रॅक्टर आला तेव्हा आप्पा गावभर सांगत होते, कोरा करकरीत आणलाय. तू याच घरात वाढलीस. पुण्याला जाऊन कोरीचा अर्थ पण बदलून घेतलास? 'बिनऔषधाची' लिहायला शाई कमी पडत होती?

तू परवा फोनवर जे सांगितलंस ते मला आता पाठ आहे. जंतू मारणारी चांदी असते. चांदीच्या पाकिटात ती असते, कोऱ्या पाकिटात नसते, कोरी नुसती तुलना करायला ठेवतात. आणि दोन्ही पाकिटं जंतू मारून बंद केलेली नव्हती, म्हणजे मी चांदी उचलली असती तरी ती माणसाच्या उघड्या जखमेवर ठेवायच्या लायकीची नव्हती. समजलं. उशिरा समजलं.

तुला पूर्ण कळलेलं नाही म्हणून लिहितो. सोमवारी वहिनींना थंडी वाजली. मला वाटलं हवा पालटली. मंगळवारी पट्टीला वास आला आणि खालचं पाणी हिरवट दिसलं. मला वाटलं जखम स्वच्छ होतेय, घाण बाहेर पडतेय. बुधवारी त्या माझ्याकडं बघून "आई" म्हणाल्या. मग दादानं त्यांना उचललं आणि गुंडाप्पाकाकांनी वाटेत कुणाला न घेता जीप इथं आणली.

डॉक्टरीणबाई वयानं तुझ्याएवढ्याच असतील. पट्टी चिमट्यात धरून म्हणाल्या, "हे काय लावलंय?"

"औषधाची पट्टी."

"कुठल्या कंपनीची? आत काय आहे? लवकर बोला, मला पुढचं औषध ठरवायचंय."

तुझं नाव घेतलं तर तुझी नोकरी जाते, नाही घेतलं तर वहिनी. आणि त्याच वेळी दादाच्या खिशातला फोन वाजला. त्यानं बघितला आणि कट केला. परत वाजला, परत कट. मी म्हटलं, "कुणाचाय?" तो म्हणाला, "कुणाचा न्हाय." परत वाजला तेव्हा मी हिसकून घेतला. 'शिवप्रिया' लिहिलं होतं.

अक्का, तू सोमवारपासून फोन करत होतीस! माझं पत्र तुला सोमवारी मिळालं आणि त्या दिवसापासून हा माणूस कट करत होता. तांब्या त्यानं फेकला, आणि रुसून बसला पण तोच! मी दवाखान्यात सगळ्यांसमोर त्याची कॉलर धरली. त्यानं सोडवून घेतली नाही, नुसता उभा राहिला. तू मला पण फोन केलास म्हणालीस, ब्लॉक काढून. माझा रिचार्ज संपून आठवडा झालेला, येणारे फोन पण बंद.

मी फोन तसाच डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. तू त्यांना स्वतःचं नाव सांगितलंस, लॅबचं नाव सांगितलंस, पट्टीत काय आहे आणि काय नाही ते सगळं सांगितलंस. काही लपवलं नाहीस. त्या लिहून घेत होत्या. फोन ठेवल्यावर माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला आता बरंच निस्तरावं लागणार आहे." तुझ्या सरांना तू स्वतःच कळवलंस, आणि समितीचा अर्ज आता लांबणार, हे पण मला त्यांच्याकडनंच कळलं. तू मला एक वाकडा शब्द बोलली नाहीस. शिव्या तरी घालायच्या होत्यास.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यातनं जात नाही, आणि तिच्यावरनं मला तुझ्याइतकाच माझा पण राग येतो. दादा फोन उचलत नव्हता, माझा बंद. वहिनींचा फोन त्यांच्या उशाशी होता. चालू, पूर्ण चार्ज केलेला. तू त्यांना का नाही केलास?

फोनवर मी हेच विचारलं. मग म्हणालीस, "माझ्याकडं तिचा नंबर नाही."

ताप आज उतरलाय. करंगळीचं डॉक्टर काही बोलत नाहीत.

युवराज


सोलापूर, ३ मार्च

अक्का,

वहिनींना इथं आणलंय. मांडीची कातडी काढून हातावर लावणार आहेत, उद्या. हात वाचला, तीन बोटं वळतील म्हणतात. करंगळी बहुतेक वळणार नाही.

वहिनींना सगळं कळलंय. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं, आणि बरं केलं, माझ्याच्यानं झालं नसतं. परवा त्यांनी मला आणि दादाला समोर उभं केलं. बसा म्हणाल्या नाहीत.

"भावजी, अक्कांनी पाठवलं म्हणालात. म्हणून हात म्होरं केला म्या."

"वहिनी, तुमचं दुखणं बघवत नव्हतं."

"दुखणं माझं व्हतं. बघवत नव्हतं तर भाईर जायचं."

दादा मध्येच म्हणाला, "आगं, त्यानं चांगल्यासाठीच..."

"तुम्ही तर बोलूच नका. बहिणीचा फोन कापत बसला. हिकडं माझी बोटं सडत्यात आन् तुमचा रुसवा चाललाय."

मी दादाला कधी असा बघितला नाही. तो खाटेचा दांडा धरून उभा होता आणि त्या एका हातानं उशी सारखी करत बोलत होत्या. आवाज चढवला नाही, त्यामुळं सगळा वॉर्ड ऐकत होता.

"पोलीस इचारतो कुणी जाळलं. ती म्हातारी इचारती नवरा मारतो का. म्या खरं सांगितलं तर कुणाला पटंना. अक्का तुम्हाला इचारतात, वहिनीला काय झालं. तुम्ही तर कुणालाच इचारत न्हाय. आन् हात कुणाचाय? लग्न झाल्यापासनं अक्कांचा एक फोन न्हाय मला. मला वाटलं, चला, पट्टी तरी पाठवली. त्या पट्टीचं म्या किती कौतुक केलं, शेजारच्या बायांना बोलवून दावली. ह्ये माझ्या जिवाला किती लागलंय ते तुम्हा भावा-बहिणीला कळायचं न्हाय."

मग सर्जन आले. संमतीचा कागद सवयीनं दादापुढं धरला. दादानं पेन काढलं सुद्धा. वहिनी म्हणाल्या, "हिकडं द्या." आणि सर्जनला उभं करून विचारत बसल्या. मांडीची जखम कधी भरंल, तिथं लुगडं घासलं तर काय, कातडी धरली नाही तर परत काढणार का, कळशी उचलता येईल का, भाकरी थापता येईल का. सर्जन घड्याळ बघत होते, पण त्यांनी सगळं सांगितलं. करंगळीचं खरं ते सांगितलं. मग वहिनींनी सही केली.

अक्का, मला वाटलं होतं हे सगळं उरकलं की मी तुझ्यावर एकदा मन भरून रागवेन. फ्लेक्सवाल्या गॉगलवर रागावून झालं, दादावर झालं, त्या शब्दावर झालं. आता मी वॉर्डच्या बाहेर जिन्यात बसलोय, कारण ऑपरेशन होईपर्यंत मला आत यायचं नाही, हा वहिनींचाच हुकूम आहे. दादाला पण फक्त डबा द्यायला परवानगी आहे. इथनं हलायचं नाही असं मी ठरवलंय. बिदरचा एक जण बेदाण्याच्या गाडीवर चल म्हणत होता, त्याला नाही म्हटलं.

तू येते म्हणालीस. रजा घेऊन, उद्याच. मी वहिनींना तसं सिस्टरकडनं कळवलं. सिस्टरनं निरोप आणला: "भावजींना कशाला सांगत्यात? मला सांगू द्या. मी हो म्हणलं तर यावं." आणि वर असं पण, की ती पट्टी न चिकटता निघायची तेवढं खरं होतं, बोटांच्या बेचक्यात मात्र गोळा व्हायची, ते अक्कांना सांगायचंय. पण आधी भांडायचंय.

म्हणून आता मला पत्र लिहू नको, दादाला फोन करू नको, आप्पांना मध्ये घालू नको. पाकिटात एक चिठ्ठी आहे. त्याच्यावर त्यांचा नंबर त्यांनीच लिहिलाय, उजव्या हातानं. पत्र मी कुरिअरनं नाही, पुण्याच्या एसटीच्या कंडक्टरकडं देतोय, संध्याकाळी स्वारगेटला घे असा मेसेज तुला वेगळा टाकलाय.

सहाच्या आत त्यांना फोन करू नको, तोवर पट्टी बदलायची चालते. त्यानंतर कर.

युवराज